अजब बंगला ते चितार ओळ: गाडी न काढता नागपूरची संग्रहालयं एका दिवसात होतील का?

बर्डीकर

मंडळी, सल्ला पाहिजे. भाची पुण्यात चित्रकलेचं शिकते. मागच्या महिन्यात त्यांचा वर्ग मुंबईला गेला होता. काळा घोड्याला उतरले, जहांगीर पाहिलं, रस्ता ओलांडून आधुनिक कला संग्रहालय, तिथून शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, मध्ये कुठं तरी चहा. सगळं पायी. फोनवर अर्धा तास तेच सांगत होती. शेवटी म्हणाली, "मामा, नागपुरात असं काही नाही न?"

मी ठणकावून सांगितलं, आहे म्हणून. फोन ठेवला आणि आठवायला बसलो. अजब बंगल्यात मी शेवटचा गेलो तो शाळेच्या सहलीत, पुढच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून, रांगेत. त्यानंतर चाळीस वर्षं त्याच्यासमोरून जाऊन राहिलो आहे.

माझं म्हणणं असं, की झिरो माईल, अजब बंगला, महाराजबाग, हायकोर्ट, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र ही सगळी ठिकाणं पायी जाण्यासारखी आहेत. फक्त आपण नागपूरकर कोपऱ्यावर दूध आणायलाही ॲक्टिव्हा काढतो. ती डिसेंबरात चार दिवस येते आहे. एक दिवस गाडीला हात न लावता फिरायचं ठरवलं आहे. क्रम सांगा. काय गाळू तेही सांगा.

धरमपेठी

कल्पना चांगली आहे. गाडी कुठं लावणार?

बर्डीकर

घरी.

मुंजे_चौक

सर्वात आधी एक गोष्ट वहीत लिहून घ्या. अजब बंगला सोमवारी बंद असतो. मी हे दोनदा शिकलो. पहिल्यांदा बायकोसोबत, दुसऱ्यांदा साळ्याच्या कुटुंबासोबत. दुसऱ्या वेळी बायको फाटकापाशी काही बोलली नाही, नुसतं पाहिलं. ते जास्त होतं.

मंजिरी_सिव्हिल_लाईन्स

@बर्डीकर, अजब बंगल्याला निदान दोन तास ठेवा. मी वर्षातून एकदा तरी जाते.

१८६३ सालचं संग्रहालय आहे हे, देशातल्या जुन्यांपैकी एक. सर रिचर्ड टेंपल तेव्हा मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते, त्यांच्या पुढाकारानं सुरू झालं. (लहानपणी मला वाटायचं टेंपल म्हणजे देवळं बांधणारे कोणी तरी असतील.) कागदावर नाव मध्यवर्ती संग्रहालय, पण ऑटोवाल्याला ते सांगाल तर तो तुमच्याकडे पाहत राहील. अजब बंगला म्हणा.

मला ते आवडतं ते त्याच्या खिचडीमुळं. एका दालनात पेंढा भरलेले पक्षी-प्राणी, पुढं दगडी मूर्ती आणि शिलालेख, मग शस्त्रं, मग गोंड आणि इतर आदिवासींच्या वस्तू, मग चित्रं. हल्लीच्या संग्रहालयात तुम्हाला कुठून कुठं जायचं ते बाण दाखवतात. इथं तुम्ही वाघाकडून विष्णूकडे जाता आणि मधला धागा तुमचा तुम्ही जोडता. भाची चित्रकलेची आहे तर तिला पक्ष्यांच्या कपाटांपुढं वही-पेन्सिल घेऊन बसवा. पक्षी हलत नाहीत, यापेक्षा चांगलं मॉडेल कुठं मिळणार?

वऱ्हाडी_ठेचा

मॉडेल म्हणे! ताई, त्या वाघाचं तोंड पाहून मी लहानपणी असा रडलो होतो का माहा बुढा मले उचलून बाहीर घेऊन गेल्ता. अन् बाहीर गेल्यावर म्हणे, "काहून रडतं बे, मेलेला हाय तो." मी म्हटलं, म्हणूनच तं.

निवृत्त_मास्तर

मंजिरीताईंच्या यादीत एक भर. तिथं गेल्यावर गुंगेरियाच्या वस्तू आवर्जून विचारा. बालाघाट जिल्ह्यातलं गुंगेरिया गाव, तेव्हा मध्य प्रांतातच होतं. १८७० मध्ये गुरं राखणाऱ्या पोरांना जमिनीतून तांब्याचा तुकडा वर आलेला दिसला. उकरलं तर निघाली ४२४ तांब्याची हत्यारं आणि १०२ चांदीचे पत्रे. त्यातले काही पत्रे बैलाच्या मुंडक्याच्या आकाराचे, शिंगं खाली वळलेली. हत्यारं बहुतेक कुऱ्हाडी आणि लांब पहारीसारखी. वाटण्या झाल्या, काही माल लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेला, काही आपल्याकडे राहिला. एवढी चांदी त्या काळी त्या जंगलात कोणी आणि कशासाठी पुरली, यावर अजून मतं पडतात.

शिलालेखांच्या दालनात मुलं थांबत नाहीत, ते साहजिक आहे. पण वा. वि. मिराशी याच शहरात मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवत होते आणि वाकाटक, कलचुरी या जुन्या राजघराण्यांचे लेख त्यांनी वाचून छापले, एवढं जरी सांगितलं तरी त्या दगडांकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं. मनसर आणि रामटेक, म्हणजे वाकाटकांचा परिसर, इथून पन्नास किलोमीटरच्या आत आहे. आपण तिकडे जातो ते खिंडसीला बोटिंग करायला. मीही त्यात आलो.

दगडधोंडे

मास्तर, शिलालेखांच्याही मागं जाऊ द्या मला थोडं. नागपूरच्या जमिनीवर पहिल्यांदा नीट हात फिरवला तो स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानं. ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच. बर्डीच्या (सीताबर्डीच्या) टेकडीच्या, टाकळीच्या खडकांतून त्यानं जीवाश्म वेचले. लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये सापडलेल्या जुन्या तळ्यांचा गाळ, त्यात गोगलगायींचे शंख. म्हणजे आपण ज्याला काळा दगड म्हणून फरशीखाली टाकतो, त्याच्या सांध्यात एकेकाळची तळी आहेत. 'कामठी' हे आपल्या गावाचं नाव जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत एका खडकाच्या थराचं नाव म्हणून आहे, हे कामठीत किती जणांना ठाऊक असेल?

हिस्लॉप गेला तो टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परत येताना, ओढ्याला पूर आला होता, त्यात बुडून. ४ सप्टेंबर १८६३. अजब बंगला सुरू झाला तेच साल.

वऱ्हाडी_ठेचा

शिळावर्तुळं पाहाची असन तं काटोल रोडनं जुनापाणीले जा न. तीनेकशे गोल हायेत तिथं दगडाचे. तिकीट नाही, लाईट नाही, काच नाही. पण ते पायी होत नाही, हेही खरं.

सदाशिव_पेठ_पाहुणा

लग्नाला आलो होतो तेव्हा झिरो माईल पाहिला. चार घोडे आणि एक खांब. भारताचा मध्य म्हणून फोटो काढून घेतला. नंतर वाचलं की मध्य म्हणून दुसरीच गावं दाखवतात. मग हे नक्की काय आहे? उगाच भांडण लावत नाही, खरंच विचारतो.

दगडधोंडे

भांडण लावायला हरकत नाही. तो दगड १९०७ चा, त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा. उंची आणि अंतरं मोजताना ज्याच्यावरून मोजायचं तो पक्का बिंदू. खांबावर आजूबाजूच्या गावांची अंतरं मैलांत कोरली आहेत, जबलपूर १७०, हैदराबाद ३१८, शिवनी ७९ अशी. समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट, दशांशानंतर तीन आकडे! १९०७ मध्ये कोणी तरी एवढी चिकाटी केली, मला तर त्या तीन आकड्यांचंच कौतुक वाटतं.

मध्याचं म्हणाल तर १९०७ च्या हिंदुस्थानात आजचा पाकिस्तान होता, बांगलादेश होता, ब्रह्मदेशही होता. त्या नकाशाचा मध्य आणि आजच्या नकाशाचा मध्य एकच कसा येईल? तेव्हा 'मध्य' हे आपलं प्रेमाचं नाव. दगड मात्र खरा.

धरमपेठी

म्हणजे आम्ही शाळेत चाळीस वर्षं खोटं शिकवलं?

निवृत्त_मास्तर

मी शिकवलं. माफी असावी.

मुंजे_चौक

मध्य असो नसो, झिरो माईलचं मेट्रो स्टेशन आहे आणि बर्डीकरांच्या कामाचं तेच आहे. तिथं उतरायचं, दगड पाहायचा, विधानभवनाच्या बाजूनं अजब बंगल्याकडे चालायचं. रमतगमत गेलं तरी पंधरा मिनिटं. तिथून महाराजबागही तेवढीच.

पण बर्डीकर, डिसेंबर म्हणालात न? अधिवेशन! रस्ते बंद, बॅरिकेड, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला मोर्चे अडवलेले. पायी जाणाऱ्यालाही "कुठं चालले?" विचारतात.

मंजिरी_सिव्हिल_लाईन्स

रविवारी जा. रविवारी सभागृह बंद, संग्रहालय चालू. आणि मोर्च्याची एवढी धास्ती नको. मी एका अधिवेशनात मुद्दाम पायी फिरले होते. कुठल्या कुठल्या गावांहून लोक आलेले, हातानं रंगवलेले फलक, खांद्यावर घोंगडी, कोणी हलगी वाजवतंय. अक्षरं पाहावीत तर तिथली. भाचीला आवडेल.

कॅनव्हास_कोरा

चित्रांबद्दल कोणी बोलेल म्हणून वाट पाहून राहिलो होतो. संग्रहालयं झाली, कलादालनांचं काय?

मी स्वतः चित्र काढतो म्हणून जरा कडू बोलतो. वासुदेव गायतोंडे नागपुरात जन्मले, १९२४ मध्ये. त्यांचं मूळ गोव्याचं आणि घडले मुंबईत, मान्य. पण जन्म इथला. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. २०१५ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २९ कोटींच्या वर गेलं. आता सांगा, आपल्या ओळखीच्या दहा नागपूरकरांना विचारलं की गायतोंडे कोण, तर किती सांगतील? मी विचारलं आहे. एक म्हणाला, "आमच्या कॉलनीत आहेत, त्यांचंच का?"

दालनं आहेत. चिटणवीस सेंटरला प्रदर्शनं लागतात, दक्षिण मध्य केंद्रातही लागतात. पण कायमची भिंत आणि चार दिवसांची भिंत यात फरक आहे. काळा घोड्याला तुम्ही कधीही जा, काही तरी लागलेलं असतंच. इथं आधी पेपरात पाहावं लागतं. एकदा मी एका दालनात (नाव राहू द्या) मित्राचं प्रदर्शन पाहायला दुसऱ्या दिवशी गेलो. उद्घाटनाला दोनशे माणसं होती म्हणे, सामोसे कमी पडले. मी गेलो तर चौकीदार आणि मी. त्यानं माझ्यासाठी दिवे लावले आणि मी निघाल्यावर पुढच्या खोलीपासून मागच्या खोलीपर्यंत एकेक बंद करत आला. त्याच्या पावलांच्या आवाजावर मी चित्रं पाहिली.

तेव्हा भाचीला आधीच सांगा, मुंबईशी तुलना करून येऊ नको.

सदाशिव_पेठ_पाहुणा

पुण्यातही फार वेगळं नाही हो. सामोश्याऐवजी बटाटेवडे.

रेल्वेवाला

कोणीच मोतीबागेचं नाव घेतलं नाही! नॅरोगेज रेल्वे संग्रहालय, कडबी चौकाजवळ, २००२ पासून आहे. छोटी वाफेची इंजिनं, जुने डबे, सिग्नलचे हात, कंदील. २०१५ पर्यंत नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी चालत होती. माझे वडील त्या लाइनवर होते. गाडी घाटात इतकी हळू व्हायची की पोरं उतरून बोरं तोडून परत चढायची, असं ते सांगत. खरं किती आणि रंगवून किती, आता कोणाला विचारू?

तिथल्या एका कंदिलाला मी हात लावला होता. लावू नये, पाटी आहे. पण घरी तसाच होता.

धरमपेठी

मोतीबाग पायी? झिरो माईलहून?

रेल्वेवाला

नाही, ऑटो करा. पण करा.

वऱ्हाडी_ठेचा

एक इचारतो, रागावू नका. तुमी सारे काचेतलं सांगून राहिले. कला काय काचेतच असते का? चितार ओळीत जा न राजेहो! गणपतीच्या आधी दोन महिने जा, अख्खी ओळ मातीनं माखली असते. एका घरात नुसते पाय, एका घरात नुसत्या सोंडा. डोळे आखणारा बुढा वायला, तो दुसरं कायी करत नाही. अन् पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत पाहा, मिरवणुकीतले मोठे पुतळे. काळी मारबत १८८१ ची, पिवळी १८८५ ची, सव्वाशे वर्षांच्या वर झाले. बांबू, कागद, कापड. संग बडगे. ज्याच्यावर राग असन त्याचा बडग्या, मंतरी असो का महागाई. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" दुसऱ्या दिवशी शिल्लक काही नाही, सारं जाळून टाकतेत. आता ह्याले कोणतं दालन पुरन?

कॅनव्हास_कोरा

ठेचाभाऊ, मान्य. माझं पहिलं चित्रकलेचं शिक्षण चितार ओळीतच झालं. आजोळ महालात होतं. डोळे आखताना कारागीर श्वास धरतो, हे मी तिथं पाहिलं. रेघ संपली की सोडतो. पुढं कॉलेजात मास्तरांनी तेच सांगितलं तेव्हा मला हसू आलं.

आणि पायीवाल्यांसाठी: बर्डीहून मेट्रोनं चितार ओळ चौकाला उतरता येतं आता. तिथून महाल पायीच पाहायचा असतो, गाडी घालाल तर तुम्हीच अडकाल.

मुंजे_चौक

बर्डीचा किल्ला राहिला. बर्डीकरांनी स्वतःच गाळला, आश्चर्य आहे!

बर्डीकर

गाळला कारण डिसेंबरात उघडा नसतो. लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, एवढेच दिवस लोकांना सोडतात. १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली ती याच दोन टेकड्यांवर. मी खाली बर्डीत लहानाचा मोठा झालो आणि वर दोनदा गेलो.

मुंजे_चौक

गांधीजींना १९२३ मध्ये तिथं ठेवलं होतं म्हणतात, ती कोठडी पाहिली का?

निवृत्त_मास्तर

दाखवतात, पण तारखांचा मेळ बसत नाही. मार्च १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि फेब्रुवारी १९२४ मध्ये सुटेपर्यंत ते येरवड्याचे कैदी होते. १९२३ मध्ये नागपुरात झालं ते झेंडा सत्याग्रह, त्यात माणसं झुंडीनं तुरुंगात गेली. झिरो माईलवर एकदा माफी मागून झाली आहे, म्हणून इथं आधीच सांगून ठेवतो.

धरमपेठी

खायचं कोणीच बोललं नाही. हा नागपूरचा धागा आहे ना?

मंजिरी_सिव्हिल_लाईन्स

सकाळी कस्तुरचंद पार्काच्या बाजूला तर्री पोहे, मग चालायला सुरुवात. तर्री बेतानं. पुण्याची पोरगी आहे.

बर्डीकर

(तीन आठवड्यांनी)

सर्वांचे आभार. जाऊन आलो. रविवार होता, सोमवार नव्हता, @मुंजे_चौक यांना नमस्कार.

पोहे झाले. तर्री तिनं दुसऱ्यांदा मागितली, मंजिरीताई. झिरो माईलला मी दगडधोंडेंचं सगळं भाषण स्वतःचं म्हणून ठोकून दिलं. तिनं खांबापेक्षा कोरलेल्या आकड्यांचे फोटो जास्त काढले, अक्षराचं वळण चांगलं आहे म्हणे.

अजब बंगल्यात आम्ही एक तास ठरवला होता. साडेतीन तास झाले. मी सगळी दालनं दोनदा फिरून आलो, आणि ती पक्ष्यांच्या कपाटापुढं जमिनीवर बसलेली. वाटलं पिसं काढत असेल. वही पाहिली तर नुसते पाय. पक्ष्याची बोटं फांदीला धरून आहेत की नुसती तारेनं टेकवली आहेत, ते तिला काढायचं होतं. तिनं दाखवलं तेव्हा मला दिसलं. एका पक्ष्याचं मागचं बोट फांदीपासून बोटभर वर होतं, हवेतच. म्हणाली, "मामा, याला ज्यानं बसवलं त्याला घाई होती, आणि शेजारच्याला बसवलं त्याला नव्हती." त्यानंतर मीही पायच पाहत गेलो, मूर्तींचेसुद्धा.

गुंगेरियाचं विचारलं. मास्तर, ती बैलाची मुंडकी पाहून ती म्हणाली की हा आकार तिला पोळ्याला दारावर काढतात त्या बैलात दिसतो. मी 'हो' म्हटलं, खरं-खोटं तुम्ही सांगा.

महाराजबाग सुटली, हायकोर्ट सुटलं, मोतीबाग सुटली (रेल्वेवाला, क्षमस्व, पुढच्या खेपेला नक्की). एका दालनापर्यंत चालत गेलो तर तिथं त्या आठवड्यात काहीच लागलेलं नव्हतं. कॅनव्हास_कोरा, तुम्ही सांगितलं होतं, मी पेपर पाहिला नाही. फुटपाथचं बोलूच नका. अर्ध्या ठिकाणी फुटपाथ आहे आणि त्यावर गाड्या आहेत. अंतर खरंच कमी आहे, पण चालणारे त्या टापूत आम्ही दोघंच असल्यासारखे, तीन ऑटोवाले हळू होऊन विचारून गेले, बसता का म्हणून.

संध्याकाळी मेट्रोनं चितार ओळ. हंगाम नव्हता, बरीच घरं बंद. एका ठिकाणी म्हातारे गृहस्थ वसंत पंचमीच्या सरस्वतीला गवत बांधत होते, अजून माती चढलेली नव्हती. ती तिथं उभी राहिली, मग बसली, मग त्यांनी तिला सुतळीचा गुंडा धरायला दिला. पाऊण तास धरून बसली. निघताना त्यांनी विचारलं, कुठं शिकते? तिनं कॉलेजचं नाव सांगितलं. म्हणाले, "तिथं गवत बांधायला शिकवतात का?" ती म्हणाली, नाही.

फिटबिटवर सोळा हजार पावलं. माझे गुडघे अजून बोलतात.

निवृत्त_मास्तर

पोळ्याच्या बैलाचं सिद्ध करता येणार नाही. पण मी तिला परीक्षेत मार्क दिले असते.

कॅनव्हास_कोरा

हवेतलं बोट मी तीस वर्षांत पाहिलं नाही. उद्या जातो.

मुंजे_चौक

उद्या सोमवार आहे.

बर्डीकर

तिनं २६ जानेवारीचं तिकीट काढलं आहे, किल्ला पाहायला. कोणी येतं का सोबत? सकाळी लवकर, गर्दी असते, ओळखपत्र ठेवा.

धरमपेठी

मी येतो. मेट्रोनं.